‘स्कूल’ शब्दाची कुळकथा

सकाळी पाठीवर दप्तर घेऊन निघालेल्या मुलास “कोठे निघालास, बाळ?” असे कोणी विचारले, तर “शाळेत” असे उत्तर मिळते, शहरात कित्येकदा “स्कूलमध्ये” असेही मिळते. ‘स्कूल’ हा शब्द इंग्रजी खरा. परंतु तो आता खेड्यापाड्यांतही कोणास समजावून सांगावा लागत नाही. हायस्कूल, नाइट स्कूल, स्कूलबस असे त्याचे गणगोतही आपल्या बोलण्यात रुळून गेले आहे. मात्र या शब्दाचा मूळ अर्थ सांगितला, तर रोज शाळेत जाणाऱ्या मुलाचा त्यावर चटकन विश्वास बसणार नाही. ‘स्कूल’ या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘फावला वेळ’!

पाठांतर, गृहपाठ आणि परीक्षा जेथे एकामागून एक येतात, त्या जागेस ‘फावला वेळ’ हे नाव मिळावे, ही कोणाची तरी थट्टा वाटते. पण ती थट्टा नव्हे. या नावामागे एक मोठा विचार आहे, आणि एक मोठा अन्यायही आहे. दोन्ही जाणून घेण्यासारखी आहेत.

हा शब्द मूळचा ग्रीक भाषेतला. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरीत ‘स्खोले’ हा शब्द विसावा, कामातून मिळालेली मोकळीक, या अर्थाने वापरीत असत. ‘धरणे, रोखणे’ या अर्थाच्या धातूपासून तो बनला. हातातले काम रोखून धरले म्हणजे जो वेळ आपला होतो, तो स्खोले. भाषाशास्त्रज्ञ या ग्रीक धातूचे नाते संस्कृतातील ‘सह्’ या धातूशी जोडतात. ‘सहन’ आणि ‘साहस’ हे आपले शब्द त्याच ‘सह्’पासून झाले. म्हणजे ‘स्कूल’ हा अगदीच परका पाहुणा नव्हे. दूरचा का होईना, भाऊबंदच आहे.

ग्रीक लोकांनी उद्योगधंद्याला जे नाव दिले होते, ते याहूनही बोलके आहे. ‘स्खोले’ या शब्दामागे ‘आ’ हा नकार लावून त्यांनी ‘आस्खोलिआ’ असा शब्द केला. संस्कृतात ‘ज्ञान’ आणि ‘अज्ञान’ यांत जसा ‘अ’ येतो, तसाच हा ‘आ’. उद्योग म्हणजे ‘फुरसत नसणे’. रोमन लोकांनीही हेच केले. त्यांच्या लॅटिन भाषेत फुरसतीला ‘ओटिउम’ आणि व्यवहाराला ‘नेगोटिउम’, म्हणजे ‘फुरसत नव्हे ते’, असे म्हणत. वाटाघाटींना इंग्रजीत जो ‘निगोशिएशन’ शब्द आहे, तो यातूनच निघाला. आपण काम ही मुख्य गोष्ट मानतो आणि कामातून उरलेल्या वेळाला ‘फावला’ म्हणतो. या प्राचीन लोकांनी फुरसत ही मुख्य गोष्ट मानली आणि ‘जी फुरसत नव्हे’ तिला काम म्हटले.

मग या फुरसतीचे करायचे काय? ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला होता. त्याच्या मते खेळ ही श्रमलेल्या माणसाची दवा आहे. थकवा गेला की माणूस पुन्हा कामाला लागतो. म्हणून खेळ हा कामाचाच सोबती. खरी फुरसत याहून निराळी. पोटाची काळजी नसताना, कोणाचा हुकूम नसताना, केवळ जाणून घेण्याच्या ओढीने मन ज्या वेळी कामाला लागते, तो वेळ फुरसतीचा. अथेन्समधील मोकळी माणसे अशा वेळी एकत्र जमत, प्रश्न विचारीत, वाद करीत आणि जाणत्याचे बोलणे ऐकत. तेव्हा ‘स्खोले’ म्हणजे प्रथम वेळ, मग त्या वेळातली चर्चा, मग व्याख्यान, आणि अखेरीस ती व्याख्याने जेथे होतात ती जागा, असा अर्थ पायरीपायरीने सरकत गेला. शब्दाचे असे सरकणे मराठीलाही नवे नाही. ‘तालीम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘शिकवण’. तो आपल्याकडे आला, कुस्तीच्या सरावाला लागू झाला आणि पुढे सरावाच्या जागेलाच चिकटला. आज आपण ‘तालमीत जातो’, ते त्या जागेत जातो.

ग्रीसमधून हा शब्द रोमला गेला व लॅटिनमध्ये ‘स्कोला’ झाला. लॅटिन ही पुढे ख्रिस्ती धर्माची व विद्येची भाषा झाल्यामुळे हा शब्द साऱ्या युरोपभर पसरला. जर्मन भाषेत तो ‘शूले’, इटालियनमध्ये ‘स्क्वोला’ आणि जुन्या इंग्रजीत ‘स्कोल’ झाला. स्पॅनिश लोकांच्या जिभेला आरंभीचे जोडाक्षर जड गेले, म्हणून त्यांनी पुढे एक स्वर ठेवून ‘एस्क्वेला’ केले. उत्तर हिंदुस्थानातील माणूस ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणतो, तेव्हा तो हेच करीत असतो. फ्रेंचांनी स्वर ठेवून घेतला, ‘स’ गाळला आणि ‘एकोल’ म्हटले. गोव्याची कहाणी तर विशेष मौजेची आहे. तेथे हा शब्द इंग्रजांनी आणण्यापूर्वीच पोर्तुगिजांबरोबर ‘एश्कोला’ या रूपाने येऊन पोहोचला होता. म्हणून गोव्यातील कोंकणी बोलणारा म्हातारा ‘इस्कोल’ म्हणतो आणि मुंबईतील मुलगा ‘स्कूल’ म्हणतो. एकाच ग्रीक आजोबांची ही दोन नातवंडे. दोन वेगळ्या वाटांनी एकाच किनाऱ्याला लागली. ‘स्कॉलर’ आणि ‘स्कॉलरशिप’ हीदेखील त्याच घरची मंडळी होत.

इंग्रजीत ‘स्कूल’ हा शब्द आज नुसत्या इमारतीपुरता उरलेला नाही. एखाद्या तत्त्वज्ञाच्या मताला मानणारे, किंवा एकाच धाटणीने चित्रे काढणारे, जे लोक असतात त्यांच्या समूहालाही ‘स्कूल’ म्हणतात. आपण अशा ठिकाणी संप्रदाय, परंपरा, आणि संगीतात घराणे, असे शब्द वापरतो. घोड्याला चाल शिकविण्यासही इंग्रजीत हाच शब्द क्रियापद म्हणून येतो. एका अर्थाने मात्र फसगत होते. माशांच्या थव्यालाही इंग्रजीत ‘स्कूल’च म्हणतात. म्हणून मासे पाण्यात शिकावयास जमतात, असे कोणी समजू नये! तो ‘झुंड’ या अर्थाचा डच भाषेतून आलेला निराळा शब्द आहे. मराठीत ‘ती मान’ म्हणजे गळ्यामागचा अवयव आणि ‘तो मान’ म्हणजे सन्मान. दोघांचे रूप एक, पण कूळ वेगळे. तसेच हे आहे.

आता या शब्दामागच्या अन्यायाकडे वळू. अथेन्समधील ज्या थोड्या पुरुषांना फुरसत होती, ती त्यांना मिळाली कोठून? त्यांची शेते कोणी नांगरली? त्यांच्यासाठी पाणी कोणी भरले? हे सारे गुलामांनी आणि स्त्रियांनी केले. मुलाला घरातून शिक्षकाकडे पोहोचविण्याचे आणि परत आणण्याचे कामही एका गुलामाकडे असे. त्याला ‘पाइदागोगोस’, म्हणजे मुलाला नेणारा, म्हणत. शिक्षणशास्त्राला इंग्रजीत असलेले ‘पेडॅगॉजी’ हे नाव या गुलामाच्या नावावरून निघाले आहे. तो रोज विद्येच्या दारापर्यंत जाई. पण त्या दाराआडची फुरसत त्याची नसे. घरातल्या मुलीही तेथे जात नसत. एकाची फुरसत अनेकांच्या श्रमावर उभी होती.

ही स्थिती पुढे शेकडो वर्षे राहिली. इंग्लंडात गिरण्या सुरू झाल्या, तेव्हा लहान लहान मुले त्यांत दिवसभर राबत. १८३३ साली तेथे कायदा झाला. कापसाच्या व लोकरीच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये, आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये व रोज दोन तास शिकू द्यावे, असे त्यात ठरले. नऊ तास यंत्रापाशी आणि दोन तास अक्षरांपाशी! पाच ते दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळेत गेलेच पाहिजे, असा नियम तेथे १८८० साली झाला. आपल्याकडे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८४८ साली मुलींसाठी शाळा काढली आणि १८५५ साली कामकरी माणसांसाठी रात्रशाळा काढली. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या कामाला विकला गेलेला होता, त्यांच्यासाठी रात्रीतून दोन घटकांची फुरसत काढावी लागली. पुढे भारताच्या संसदेने २००९ साली कायदा केला, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळाला. या कायद्याचा अर्थ ग्रीक भाषेत सांगावयाचा झाला, तर एवढाच सांगता येईल, की प्रत्येक मुलाला त्याची ‘स्खोले’ मिळालीच पाहिजे.

आपला ‘शाळा’ हा शब्द संस्कृत ‘शाला’ यावरून आला. शाला म्हणजे घर, दालन. गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा, तशी पाठशाळा. आपल्या शब्दाने छप्पर पाहिले, ग्रीकांच्या शब्दाने वेळ पाहिला. शिकण्यास दोन्ही लागतात. छप्पर डोळ्यांना दिसते, म्हणून कोणी बांधले याची पाटी भिंतीवर लागते. वेळ दिसत नाही, म्हणून तो कोणी दिला याची पाटी कोठेच लागत नाही. पण मूल वर्गात बसलेले असते, तेव्हा त्याच्या वाट्याची कामे कोणी तरी करीतच असते. कोणाची आई दोघांची खुरपणी एकटी उरकते. कोणाचा बाप संध्याकाळी आणखी एक खेप करतो. घंटा होते, मुले वर्गात येतात, आणि त्यांचा तो फावला वेळ सुरू होतो.

स्वाध्याय

१. ‘स्खोले’ या शब्दाचा अर्थ कोणकोणत्या पायऱ्यांनी बदलत गेला?
२. ‘आस्खोलिआ’ व ‘नेगोटिउम’ या शब्दांच्या घडणीत कोणते साम्य आहे?
३. ‘तो रोज विद्येच्या दारापर्यंत जाई’ हे वाक्य कोणाविषयी आहे? त्याचा आशय स्पष्ट करा.
४. रूप एक पण कूळ वेगळे, असे आणखी दोन मराठी शब्द शोधा.
५. तुम्ही शाळेत असता, तेव्हा तुमच्या घरातील कोणती कामे कोण करते? दहा ओळींत लिहा.