कमी खर्चात आरशांची सजावट

नागपूरच्या मोमीनपुरा, इतवारी, महाल या दाट वस्त्यांत घराला घर लागून आहे. अनेक खोल्यांना एकच खिडकी असते. अशा खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा लावल्यास उजेड वाढतो व खोली मोठी वाटते. खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर बाजूची भिंत बरी.

आरशाचा भाव चौरस फुटावर ठरतो; म्हणून गरजेपुरताच घ्यावा. डोक्यापासून पायापर्यंत दिसण्यास आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला पावणेतीन फूट पुरे. फक्त खालची कड जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर हवी. म्हणजे खर्चही निम्माच. काचेच्या दुकानात कापून उरलेले तुकडे मिळतात का, तेही विचारावे. कडा मात्र घासून घ्याव्यात.

आपल्याकडे उन्हाळ्यात आरशाचा शत्रू म्हणजे कूलर. काचेमागे चांदीचा पातळ थर असतो. कडेने ओल शिरली की काळे डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. म्हणून कूलरच्या झोतात किंवा ओल आलेल्या भिंतीवर आरसा लावू नये. चिकटवायचा असल्यास व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन नको, ते चांदीचा थर खराब करते, ‘न्यूट्रल’ मागावे.

४ मि.मी. जाडीचा आरसा चौरस फुटाला जवळजवळ एक किलो भरतो. तेव्हा खिळ्यांवर भिस्त नको. भिंतीत स्क्रू बसवून क्लिपा लावाव्यात. बचत काचेच्या मापात करावी, बसवणीत नव्हे.