ठेक्याला नाव मिळालं तेव्हा

क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि रॅपर श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' 2024 साली नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं प्रसिद्ध केलं, तेव्हा बातम्यांचा सूर एकच होता: या कंपनीनं काढलेलं हे पहिलं मराठी गाणं. डीजे मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' 2013 मध्ये जिथून निघालं, तिथला शिक्का मराठीला मिळाला याचा आनंद रास्तच होता. आज मागे पाहताना मला त्याहून मोलाची वाटतात ती गाण्याच्या शीर्षकाशेजारी बरोबरीनं आलेली दोन नावं, एक संगीत रचणाऱ्याचं आणि एक शब्द लिहिणाऱ्याचं.

मराठी माणूस ज्यावर नाचत आला, ते घडवणारे बहुतेक निनावीच राहिले. नाशिकला हे कुणी सांगायला नको. नाशिक ढोल केरळात आणि मंगळूरच्या बाजूला इतका रुजला की तिथली पथकंही या शहराचं नाव लावतात. पण तो ठेका कोणत्या वादकांच्या हातांनी घडवला, हे तिथं सोडाच, इथंही कुणी सांगत नाही. पुढे मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या. कोळीगीतं, भीमगीतं, आनंद शिंद्यांची गाणी त्यांवर नव्या बेससह वाजू लागली. गायकाचा आवाज ओळखू यायचा, मिक्स करणारा मध्येच स्वतःचं नाव घुमवायचा, आणि कवी मात्र कुठल्या कुठे हरवायचा. 2007 मध्ये गोव्यात कांदोळीला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव सुरू झाला, तो या सगळ्यापासून दूरचा, वेगळ्याच वर्गाचा नाच होता. 2015 मध्ये न्यूक्लिया या इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं 'बास रानी' हा अल्बम मुंबईतल्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लोकांसमोर आणला आणि क्लबमधला संगीतकार रस्त्यावर उतरला. तरी मराठी शब्द खास हाऊस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या ठेक्यासाठी लिहिले जावेत, ते गाणं जगभर जावं आणि त्यावर कवीचं नाव ठळक असावं, याला आणखी नऊ वर्षं लागली.

कुणी म्हणेल, 2016 च्या 'झिंगाट'नं हे आधीच केलं होतं. अजय-अतुल यांचं श्रेय कुणीच नाकारणार नाही, पण त्यामागे 'सैराट'सारखा चित्रपट उभा होता. 'तांबडी चामडी'मागे पडद्यावरची कथा नव्हती, नायक-नायिका नव्हते. व्हिडिओत क्रेटेक्स आणि श्रेयस स्वतःच समोर आले आणि रील्समधून लोकांनी ते गाणं आपलंसं केलं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ठेका परका आणि शब्द उथळ. हाऊस 1980 च्या दशकात शिकागोत जन्मलं, ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या नाचघरांत, म्हणजे ज्यांच्या कातडीला आणि प्रेमाला बाहेर मान नव्हता त्यांच्यात. गोरं करण्याच्या क्रीमवर वर्षानुवर्षं पैसे खर्च करणाऱ्या आपल्या समाजात उन्हानं रापलेल्या कातडीचं कौतुक त्याच ठेक्यावर व्हावं, यात मला उथळपणा दिसत नाही. शब्द मोजके आहेत, हे खरं. नाचाच्या गाण्यात ते मोजकेच असतात. ढोलाच्या ठेक्याला तर शब्दच नसतात, म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. रील्सची लाट ओसरते हेही मान्य, पण श्रेयाची नोंद लाटेबरोबर वाहून जात नाही. उद्या कुणी हे गाणं पुन्हा मिक्स केलं, तरी मूळ कुणाचं हे शोधता येईल. कोळीगीतांच्या कितीतरी कवींच्या वाट्याला एवढंही आलं नाही.

म्हणून नाशिकच्या ढोल पथकांना एक विनंती. तुमचा ठेका ध्वनिमुद्रित करायला कुणी संगीतकार आला, तर मानधनाबरोबर वादकांच्या नावांचीही बोलणी करा, आणि ती नावं गाण्यावर आल्याशिवाय परवानगी देऊ नका.