रजोनिवृत्तीचे उपचार : वय, गर्भाशय आणि एक जुनी भीती

ठाण्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, जे ठाणेकरांच्या तोंडी केवळ 'सिव्हिल' आहे, किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, यांची स्त्रियांना ओळख असते ती मुख्यतः बाळंतपणामुळे. पाळी जाण्याच्या काळातील तक्रारी मात्र 'वयाप्रमाणे व्हायचेच' म्हणून घरातच सोसल्या जातात. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रीमध्ये ती सरासरी ४६-४७व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी येते, आणि अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन घटल्यामुळे अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे, योनीमार्ग कोरडा पडणे आणि हाडे ठिसूळ होणे हे परिणाम संभवतात.

गरम वाफांवर सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे घटलेले संप्रेरक बाहेरून देणे. ज्या स्त्रीचे गर्भाशय शाबूत आहे तिला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही द्यावे लागते, कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाऊन कर्करोगाचा धोका निर्माण होतो. त्वचेवर लावायच्या पट्टीतून किंवा जेलमधून दिलेले इस्ट्रोजेन यकृतातून प्रथम जात नसल्यामुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो. केवळ कोरडेपणाची तक्रार असल्यास योनीमार्गात लावायचे अल्प मात्रेतील मलम बहुधा पुरेसे ठरते.

या उपचाराभोवतीची भीती २००२ सालची आहे. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातील १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची चाचणी तेव्हा मध्येच थांबवली गेली, कारण वर्षाला दर दहा हजारांमागे स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे आठ रुग्ण अधिक आढळले; मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे बातम्यांत मागे पडले. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये लाभ धोक्यापेक्षा अधिक असतो, असे आज मानले जाते, आणि अमेरिकी औषध नियामकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील बहुतेक ठळक इशारे काढण्याचे जाहीर केले. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा गंभीर विकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास मात्र गोळ्या वा पट्टीच्या रूपातील हा उपचार सहसा टाळतात; अशा वेळी व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे आणि विचार-वर्तन उपचार उपयोगी पडतात. शतावरी किंवा सोयाबीनच्या गोळ्यांना एवढा भक्कम पुरावा नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

महाराष्ट्राचा खरा प्रश्न मात्र गर्भपिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांत दडला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या २०१९च्या सर्वेक्षणात ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर तिशी-चाळिशीतच रजोनिवृत्ती एकाएकी येते, हाडे आणि हृदय यांवरील भार अनेक वर्षे आधी सुरू होतो, आणि म्हणूनच अन्य अडसर नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस आहे. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंडाशय ठेवले की काढले याची नोंद असावी, ती स्त्रीने मागून घ्यावी. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो थेंबभर असला तरी सोनोग्राफी आणि गरजेनुसार अस्तराची तपासणी करूनच पुढील औषध ठरवले जाते.