दाताच्या मुळाशी दडलेल्या मूलपेशी

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा घट्ट रुतलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. त्यास परिदंत-बंध म्हणतात. चावताना पडणारा भार हाच बंध झेलतो.

पायोरियात नेमका हा बंध तुटतो. दातांवर साचलेल्या जंतूंच्या थरामुळे हिरडी सुजते. ही सूज खोलवर उतरली म्हणजे तंतू सुटतात, हाड झिजते आणि कीड न लागलेला दातही हलू लागतो. दंतवैद्याने मुळे स्वच्छ केली की जखम भरते. परंतु मोकळ्या जागेत हिरडीच्या आवरणातील वेगाने वाढणाऱ्या पेशी आधी शिरतात. त्यामुळे तुटलेला बंध बहुधा पूर्ववत जुळत नाही. जखमेत प्रथम कोणत्या पेशी पोहोचतात यावर तिचे भरणे अवलंबून असते, हा विचार मेल्चर यांनी १९७६ साली मांडला होता.

मग बंध पुन्हा उभारू शकतील अशा पेशी आणाव्यात कोठून? २००४ साली सोंगताओ शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत याचे उत्तर दिले. काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या मुळांवरील बंधात त्यांना मूलपेशी, अर्थात स्टेम सेल्स, आढळल्या. उंदरांमध्ये रोपण केल्यावर या पेशींनी मुळावरील सिमेंटमसारखा थर आणि बंधासारखे तंतू निर्माण केले. ज्या दाढेला आपण निरुपयोगी समजतो, तिच्याच मुळाशी हे भांडवल होते!

तथापि उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे. चीनमधील चाचणीत रुग्णांच्याच मूलपेशी हाडाच्या पोकळीत भरण्यात आल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार निर्धोक ठरला आणि हाडही भरून आले. परंतु पेशींविना उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. नुसत्या पेशी पोहोचवणे पुरेसे नसते. नव्या तंतूंचे एक टोक मुळात व दुसरे हाडात योग्य दिशेने रुजावे लागते. त्यांना रक्तपुरवठा हवा, आणि जागा जंतुविरहित राहावयास हवी.

म्हणून या संशोधनाकडे आशेने पाहावे, परंतु त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नये. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पन्नाशी ओलांडली असेल. दात घासताना हिरडीतून येणारे रक्त त्यांनी क्षुल्लक मानू नये. तुटलेला बंध जोडण्याची विद्या अद्याप अपुरी आहे. असलेला राखण्याची विद्या मात्र आपल्या हाती आहे.