हप्त्याचं घर, आधी बोजा बघा

समजा, कळंबच्या बाजारात हमाली करणारा एक गडी आहे. त्याला दोन खोल्यांचं घर घ्यायचं आहे. घरमालक म्हणतो, "पाव्हणं, बँकेत कशाला खेटे घालता? दर महिन्याला मलाच हप्ता द्या. पैसे फिटले की खरेदीखत करून देतो."

गडी खूश होतो. पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरतो. पण मालकाने ते घर आधीच बँकेकडे गहाण ठेवलेले असते. हप्ता तो खिशात घालतो, बँकेत भरत नाही.

मग काय होते? कर्ज थकते. २००२ सालच्या कायद्याप्रमाणे बँक ६० दिवसांची नोटीस देते. नोटीस मालकाच्या नावाने जाते. गड्याला पत्ताच नसतो. मुदत संपली की बँक घर ताब्यात घेऊन विकू शकते. नुसत्या साठेखताने घर आपले होत नाही. मालक बदलला, तरी बोजा सुटत नाही.

म्हणून काय करावे?

घराचे मूळ कागद मागा. ते बँकेत असतील, तर घर गहाण आहे हे ओळखा.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत वकिलाकडून जुन्या नोंदी तपासून घ्या.

मालकाला घेऊन बँकेत जा. बाकी किती, ते लेखी घ्या. बँकेची लेखी संमती घ्या. हप्ता थेट कर्जखात्यात भरा. पावती जपा.

साठेखत नोंदवून घ्या.

आता तुम्हाला वाचता येते. अंगठ्याचे दिवस गेले. सही करण्याआधी कागद वाचा!