पाच शिलिंग कोणाच्या हाती?

घरात पैसा आला म्हणजे झाले. तो नवऱ्याच्या हाती पडला काय नि बायकोच्या हाती पडला काय, सारखेच! असे म्हणणारा बहुधा नवराच असतो. १९४५ साली ब्रिटिश सरकारचेही असेच काहीसे मत होते. त्याला पार्लमेंटात आडव्या आल्या एलिनॉर रॅथबोन, बहात्तर वर्षांच्या एक अविवाहित बाई.

पहिल्या महायुद्धात लिव्हरपूलला सैनिकांच्या बायकांना भत्ता पोचविण्याचे काम त्यांनी केले होते. नवरे आघाडीवर, त्यामुळे पैसा थेट बायकांच्या हाती पडे, आणि तोही मुलांच्या संख्येप्रमाणे. बाईंनी ओळखले की, पगार कामाकडे पाहून मिळतो. घरी खाणारी तोंडे किती, हे तो विचारीत नाही. १९२४ साली त्यांनी ग्रंथच लिहिला. मुलांसाठी सरकारने भत्ता द्यावा आणि तो आईला द्यावा, ही त्यांची मागणी.

१९२८ साली तेथील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. परंतु मतपेटीपाशी नागरिक ठरलेली स्त्री विम्याच्या कचेरीत 'अमक्याची बायको'च राहिली! कल्याणकारी राज्याचा आराखडा मांडणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालातही गृहिणीचे संरक्षण मुख्यतः नवऱ्याच्या वर्गणीवरच उभे होते.

अखेर भत्त्याचे विधेयक आले. पण त्यात भत्ता बापाचा! बाईंनी बजावले, हे बदलले नाही तर मी विरुद्ध मत देईन. ज्या विधेयकासाठी आयुष्य वेचले, त्याच्याच विरुद्ध! सरकारने सभासदांना मतस्वातंत्र्य दिले आणि भत्ता आईचा ठरला : दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला पाच शिलिंग. ऑगस्ट १९४६ मध्ये आयांनी पोस्टातून पहिले पैसे घेतले. ते पाहायला बाई नव्हत्या; जानेवारीतच त्या निवर्तल्या होत्या.

१९७७ पासून पहिल्या मुलालाही भत्ता मिळू लागला आणि बापाच्या प्राप्तिकरातली मुलांबद्दलची सवलत टप्प्याटप्प्याने बंद झाली. पैसा पाकिटातून बटव्यात गेला! पुढे २०१३ साली 'युनिव्हर्सल क्रेडिट' योजना आली. तिच्यात सामान्यतः जोडप्याची सारी मदत एकाच खात्यात जमा होते, आणि जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : खाते कोणाचे?

पाच शिलिंगांत संसार चालत नव्हता, हे खरे. पण पोस्टाच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या आईला ते कोणाकडे मागावे लागत नव्हते. ते तिचे होते.