झेनियाला सुटा दगड द्या

रीफ टँकमध्ये झेनिया या मऊ प्रवाळाइतकं देखणं काही नाही! त्याचे पॉलिप मुठीसारखे सतत उघडतात, मिटतात. या हालचालीने भोवतालचं पाणी ढवळतं, साचलेला प्राणवायू दूर जातो आणि पॉलिपमधल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, असं तांबड्या समुद्रातल्या याच कुळातल्या प्रवाळावरच्या २०१३ च्या संशोधनात दिसलं.

पण पसरतो भराभर. शेजाऱ्यांवर चढून त्यांचा उजेड अडवतो. म्हणून मुख्य खडकावर नकोच. वाळूत सुटा दगड ठेवून त्यावर लावा, कडेला आलेला भाग वेळीच कापा.

कापलेला तुकडा समुद्रात किंवा खाडीत मात्र कधीच टाकू नका. याच कुळातला उनोमिया मत्स्यालयांच्या व्यापारातून व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पोचला आणि त्याने तिथली मूळ प्रवाळं झाकून टाकली.